टोलमाफीसाठी काढलेली सीट

सहलीची कल्पना सूनबाईची होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण निघायचा दिवस उजाडेपर्यंत घरातल्या कुणालाच ते आठवत नव्हतं.

तिच्या आईची थोरली बहीण समुद्राकाठच्या एका गावात राहत होती, आणि आता तिथलं बिऱ्हाड मोडून मुलाकडे परदेशी चालली होती. कायमची. येत्या सणाच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं विमान होतं. दोघी बहिणींची गाठ पडून वर्षं लोटली होती, कारण आईचे दोन्ही गुडघे बदललेले. बसच्या पायऱ्या तिला चढवत नसत. म्हणून सूनबाई एके दिवशी सोफ्याचं कापड कापता कापता नवऱ्याला म्हणाली, "आपली व्हॅन आहेच की. सुट्टीच्या पहिल्या दिवशी आईला घेऊन जाऊ. मावशीला एकदा डोळे भरून बघू दे तिला. पुन्हा भेट होईल न होईल." नवरा लाकडी सांगाड्यावर स्टेपल मारत होता. तो "बरं" म्हणाला. त्याला काहीही सांगितलं तरी तो बरंच म्हणतो.

इथवर सगळं सरळ होतं. मग बातमी सोफ्यांच्या कारखान्यातून मागच्या घरात गेली, आणि त्या घरात गेलेली बातमी जशीच्या तशी कधी बाहेर येत नाही. नणंद म्हणाली, समुद्र आहे ना तिथे, मग मीही येते, ऑफिसनं जीव नकोसा केलाय. सूनबाईच्या जुळ्या पोरींनी वाळूत खेळायच्या बादल्या बाहेर काढल्या. सासूबाईंना हवापालट हवा होता. सासऱ्यांना तर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून ते सगळ्यांत आधी बॅग भरून बसले.

तरी सूनबाईनं मनाला लावून घेतलं नाही. व्हॅन नऊ सीटची होती. कामगार आणि गिऱ्हाइकांचे सोफे दोन्ही नेता यावेत म्हणून मुद्दाम मोठी घेतलेली. माणसं झाली आठ. "बघ, वर एक जागा रिकामीच राहते, पाय पसरून बस," असं तिनं आईला फोनवर सांगितलं. आई त्यावर कितीतरी वेळ नुसती हसत राहिली.

आता सासऱ्यांविषयी. अख्खी गल्ली त्यांना सवलतराव म्हणते. तोंडावर म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानच आहे. वीज कंपनीत मीटर तपासून निवृत्त झालेला हा गृहस्थ केस कापायला भरदुपारी जातो, कारण तेव्हा न्हावी कमी घेतो. स्वेटर उन्हाळ्यात घेतो. संग्रहालय ज्या दिवशी फुकट असतं त्या दिवशी अंगात ताप असला तरी जाऊन येतो, आणि आत काय पाहिलं ते विचारलं तर सांगता येत नाही. पोरी चांगल्या मोठ्या झाल्या, शाळेत जायला लागल्या तरी तिकीटखिडकीसमोर त्यांना गुडघे वाकवून चालायला लावतो. पैशाची चणचण म्हणावी, तर तीही नाही. सवलत समोर आहे आणि आपण ती घेतली नाही, हे त्यांना सहनच होत नाही, बस्स.

आणि नेमकं सुट्टीच्या तोंडावर सरकारनं जाहीर केलं की सुट्टीच्या दिवसांत महामार्गावर सात सीटपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना टोल माफ.

दोन दिवस सवलतरावांचं जेवणात लक्ष नव्हतं. घास तोंडात ठेवून ते मध्येच "सात" म्हणायचे आणि व्हॅनच्या दिशेनं बघायचे. सूनबाईला वाटलं, बरं झालं, यांच्या हातून एक तरी सवलत निसटली. माणसाला एवढीतेवढी अद्दल घडलेली चांगली. बिचारीनं सासऱ्यांना अजून पुरतं ओळखलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी ती पिशव्या ठेवायला व्हॅनचं मागचं दार उघडते, तर आत सगळ्यात मागची दोघांची सीट गायब. खाली नुसता पत्रा आणि बोल्टांची भोकं. सीट कारखान्याच्या कोपऱ्यात फोमच्या थप्पीला टेकून उभी होती आणि तिच्यावर जुनी चादर टाकलेली होती.

"हे काय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

नवऱ्यानं वडलांकडे पाहिलं. ती सवय त्याला लहानपणापासूनची.

"मीच काढायला लावली," सवलतराव म्हणाले. चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही पूलच बांधून आलेत. "नऊ वजा दोन, सात. सात सीटची गाडी. टोल माफ! जाताना माफ, येताना माफ. कुणाच्या डोक्यात आलं असतं हे?"

"बाबा, माणसं आठ आहेत."

सवलतरावांनी बोटांवर मोजलं. खरंच मोजलं. मग म्हणाले, "हां. ते बघू काहीतरी."

तेवढ्यात आई आली. धुतलेली सुती साडी, हातात कापडी पिशवी आणि बहिणीसाठी स्वतः विणलेली शाल. परदेशात थंडी असते, म्हणून गेला महिना ती शाल विणत होती. उघड्या दारातून तिनं रिकामा पत्रा पाहिला, सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि काय झालं ते न विचारता तिला कळलं. काही माणसांना आपण नको झालोय हे फार लवकर कळतं, कारण त्यांचे कान कायम तिकडेच लागलेले असतात.

"मी नंतर जाईन कधीतरी," ती म्हणाली. "तुम्ही निघा. उन्हं वाढतील."

"नंतर कधी जाणारेस? उद्या सकाळी ती जाणारे!" सूनबाईचा आवाज चढला. तिनं नवऱ्याकडे वळून फर्मावलं, "सीट परत बसव."

नवरा पाना आणायला वळलासुद्धा. पण सवलतरावांनी त्याला अडवलं. बोल्ट गंजलेले होते, काढतानाच दोन तुटले, नवे आणायचे तर आज दुकानं बंद, आणि आता वेळ घालवला तर रस्ता तुंबणार. प्रत्येक अडचण खरी होती, हाच तर वैताग. शेवटी नवऱ्यानं कारखान्यातून एक गोल गादीचं स्टूल आणलं. गिऱ्हाइकाचं होतं, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. ते त्यानं मागच्या पत्र्यावर ठेवलं.

"विहीणबाई बसतील की यावर," सवलतराव म्हणाले. "काय मऊ आहे बघा."

"तिचे गुडघे वाकत नाहीत, बाबा," सूनबाई म्हणाली, आणि आईला आपल्या जागेवर नणंदेशेजारी बसवून स्वतः मागे स्टुलावर जाऊन बसली. प्लास्टिक करकरलं. गाडी वळली की स्टूल सरकायचं आणि ती एकदा या खिडकीवर, एकदा त्या खिडकीवर आदळायची. पोरींना ती गंमत फार आवडली. सूनबाईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि दर वळणाला ती थोडी थोडी वाढत होती.

महामार्गावर चढले आणि कळलं की टोल माफ झाल्याची बातमी फक्त सवलतरावांनीच वाचली नव्हती. ज्याच्याकडे म्हणून चार चाकं होती तो बाहेर पडला होता. गाडीला गाडी चिकटलेली. लोक दारं उघडून रस्त्यावर आळस देत होते. एका गाडीतल्या बाईनं तर रस्त्याकडेला सतरंजी टाकून घरच्यांना जेवायला वाढलं. एरवी दीड तासात येणारा टोलनाका दिसायलाच दुपार झाली. फुकट रस्त्यावर कुणाला पुढे म्हणून सरकता येत नव्हतं, आणि सवलतराव पुढच्या सीटवरून सगळ्यांना सांगत होते की हीच तर सवलतीची खूण आहे.

आई शाल मांडीवर घेऊन, घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न करत बसली होती.

"संध्याकाळपर्यंत पोचू गं," सूनबाईनं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रात्रभर बसा गप्पा मारत."

"हो," आई म्हणाली. "भेटली पाच मिनिटं तरी पुष्कळ."

अखेर नाका आला. पुढच्या गाड्यांसाठी दांडा आपोआप वर होत होता, गाड्या सुळकन पलीकडे जात होत्या. सवलतराव सावरून बसले, त्यांनी शर्टाची कॉलरसुद्धा नीट केली. व्हॅन पुढे आली. दांडा जागचा हलला नाही. वर लाल दिवा लागला.

खिडकीतल्या मुलीला सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावून ती म्हणाली, "टोल भरा."

"माफ आहे," सवलतराव मुलाच्या अंगावरून वाकून म्हणाले. "सात सीट."

"यंत्रात नऊ सीट दाखवतंय."

"यंत्र जाऊ दे हो, तुम्ही स्वतः या, मोजा!"

"मी कशाला मोजू? गाडीची नोंद नऊची आहे. सीट काढली म्हणून नोंद बदलत नाही." सकाळपासून ती हे कितव्यांदा तरी सांगत असावी. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा. "मागचे खोळंबलेत, काका."

मागच्यांनी हॉर्नवर हातच ठेवले होते. तो गोंगाट ऐकून महामार्गाचा पोलीस आला, धुळीनं माखलेला, घामाघूम. "काय भानगड आहे?"

"तुम्हीच न्याय करा," सवलतराव म्हणाले. ही त्यांच्या आयुष्यातली फार मोठी चूक ठरली. "या बाई मला नऊ सीटची गाडी म्हणतात. तुम्ही मागचं दार उघडा आणि आपल्या डोळ्यांनी बघा किती सीट आहेत."

पोलिसानं मागचं दार उघडलं. आत प्लास्टिक गुंडाळलेल्या स्टुलावर सूनबाई.

त्यानं सीट मोजल्या, मग माणसं मोजली, मग पुन्हा सीट. "सात सीट," तो म्हणाला. "बरोबर आहे तुमचं."

"बघा!"

"आणि माणसं आठ. एक जण जास्तीचा आहे. त्याला खाली उतरवा, नाहीतर गाडी बाजूला घ्या."

क्षणभर सवलतरावांना ते समजलंच नाही. समजलं तेव्हा ते भडकले. "अहो, पण ही नऊ सीटची गाडी आहे! नऊमध्ये आठ बसत नाहीत का?"

"आत्ताच सात म्हणालात."

"मग टोल माफ करा!"

"टोलला नऊ," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"माणसांना सात," पोलीस म्हणाला. "पट्टा लावायला सीट नको का?"

"एकतर दोन्हीला सात धरा, नाहीतर दोन्हीला नऊ धरा! हा काय पोरखेळ आहे?"

"ते खातं वेगळं आणि आमचं खातं वेगळं," पोलीस शांतपणे म्हणाला. "लवकर ठरवा. कोण उतरतंय?"

सूनबाईला हसावं की रडावं कळेना. पूर्ण टोल भरायचा, वर सीट घरी, वर एक माणूस रस्त्यावर. माणसानं ठरवून स्वतःचं नुकसान करायचं म्हटलं तरी इतकं नीटनेटकं जमलं नसतं.

आणि मग गाडीत ते सुरू झालं, जे त्या घरात नेहमी होतं. म्हणजे कुणी काहीच बोललं नाही. नणंदेनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. नवरा स्टिअरिंगकडे बघत राहिला. त्या गप्प बसण्यात सगळे कुणाची वाट बघत होते, ते सूनबाईला पक्कं माहीत होतं, कारण आईलाही ते माहीत होतं. आई वाकून पिशवी उचलत होती.

"मीच उतरते," आई म्हणाली. "इथून परतीची बस मिळेल ना हो? ही शाल तेवढी ताईला द्या."

"विहीणबाई फार समजूतदार," सवलतराव म्हणाले. सुटल्यासारखा श्वास सोडून म्हणाले, आणि पुढे वळून बसले.

सूनबाईचा एक पाय तेव्हा गाडीबाहेर होता. ती स्वतः उतरायला निघाली होती. तेच सोपं होतं, तेच ती नेहमी करायची. घरात खुर्ची कमी पडली की ती उभी, ताट कमी पडलं की ती मागाहून. पण 'समजूतदार' हा शब्द तिच्या कानात शिरला आणि डोक्यावरून पाणी गेलं. ही सहल कुणासाठी होती? समुद्र कुणाला बघायचा होता, हवा कुणाला बदलायची होती? ज्या एका बाईसाठी हे सगळं जमवलं, तिला सोडून बाकी सगळे पट्टे लावून बसले होते.

ती उतरली. गाडीला वळसा घालून पुढे आली आणि तिनं सवलतरावांच्या बाजूचं दार उघडलं.

"बाबा, तुम्ही उतरा."

"काय?"

"तुम्ही उतरा. सीट तुम्ही काढलीत, ती आईची नव्हती, तुमची होती." अकरा वर्षांत ती त्यांच्याशी असं कधी बोलली नव्हती. "तुम्हाला त्या गावात काम नाही, ओळख नाही. समुद्र तुम्ही पुढच्या सवलतीत बघा. माझ्या आईची बहीण उद्या जाणारे."

हॉर्न चालूच होते. सवलतरावांनी मुलाकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच बापानं मुलाकडे तसं पाहिलं असेल. नवऱ्यानं घसा खाकरला. मग हात लांब केला आणि वडलांच्या सीटचा पट्टा खट्‌कन सोडला. "बाबा, घराची किल्ली शेजाऱ्यांकडे आहे," तो म्हणाला. "बरं" सोडून तो काही बोलला याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

सवलतराव उतरले. धडधाकट माणूस, रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारणारा. पण त्या उन्हात, टोलच्या खिडकीशेजारी, ते एकाएकी लहान दिसायला लागले. सूनबाईला वाईट वाटलं. वाटलं ते वाटलं, पण तिनं दार धरून ठेवलं होतं ते सोडलं नाही.

"परतीची बस त्या शेडपाशी थांबते," पोलीस जरा मऊ होऊन म्हणाला. "आज रिकाम्याच जातात. ज्येष्ठांना सवलतही आहे."

सवलतरावांचा पडलेला चेहरा हलला. त्यांनी नको नको म्हणता विचारलंच, "अर्धं तिकीट, की पूर्ण माफ?"

नणंद हसली आणि तिनं घाईघाईनं तोंडावर हात घेतला. पोरी तर खिदळायलाच लागल्या. तेवढ्यात मधल्या सीटवरून सासूबाई हळूहळू खाली उतरल्या, आणि हसू जागच्या जागी थांबलं. सगळ्यांना वाटलं, झालं, आता ह्याही नवऱ्याबरोबर परत जाणार आणि सुनेला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. सासूबाई शेडच्या दिशेनं चार पावलं गेल्या. त्यांनी पर्समधून गोळ्यांची डबी आणि पाण्याची बाटली काढून नवऱ्याच्या हातात दिली, "जेवणानंतर घ्या" म्हणून बजावलं, आणि परत येऊन आपल्या जागेवर बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "किती वेळ लोकांना खोळंबवायचं?"

सूनबाईनं टोल भरला. दांडा वर गेला. आई आता पुढे बसली होती, गुडघे लांब करून, अंग चोरून, उठवतील की काय अशी. स्टूल मागे रिकामंच गडगडत होतं. नाका मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि गाडीनं वेग घेतला.

"त्यांना फार लागलं असेल गं," आई म्हणाली. "माझ्यापायी उगाच."

"लागू दे थोडं," सासूबाई मागून म्हणाल्या. "विहीणबाई, ते राहू दे. तुम्ही मला सांगा, तुमची ताई तुमच्याहून केवढी मोठी? दिसायला तुमच्यासारखीच का?"

गेला महिनाभर त्या घरात बादल्यांवर बोलणं झालं होतं, हवेवर झालं होतं, टोलवर तर बेसुमार झालं होतं. त्या बाईविषयी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. सूनबाईनंसुद्धा नाही; तिनंही फक्त वेळा जुळवल्या होत्या, आणि हे लक्षात येताच तिला रडू आवरेना.

"नऊ वर्षांनी मोठी," आई म्हणाली. ती पट्टा जितका वळू देईल तितकी मागे वळली. "आमची आई गेली तेव्हा मी चालतही नव्हते. तिनंच मला वाढवलं. शाळेत जाताना मला कडेवर घ्यायची, आणि बाई आत घेणार नाहीत म्हणून मला वर्गाच्या दाराबाहेर बसवून दर थोड्या वेळानं डोकावून बघायची..."

पोरी ऐकायला पुढे सरकल्या. नणंदेनं मोबाइल पिशवीत टाकला. आई सांगत राहिली, नवरा गाडी चालवत राहिला, आणि समुद्र येईपर्यंत कुणी तिला मध्येच अडवलं नाही.